परदेशी ग्राहकाने तक्रार उघडलीय, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. भांडू की पैसे परत करू?

चिंधीचं_सोनं (नौपाडा, ठाणे) | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण दोन रात्री झोप नाही.

मी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या विकते. शिवतात मुरबाडकडच्या तिघीजणी. साड्या जमवणं, रंग जुळवणं, फोटो, पार्सल हे सगळं माझ्याकडे. आधी प्रदर्शनांत आणि ओळखीपाळखीत विकायचे. आठ महिन्यांपूर्वी एका परदेशी मार्केटप्लेसवर दुकान उघडलं (नाव मुद्दाम घेत नाही). एकोणीस गोधड्या गेल्या, सगळ्यांनी छानच लिहिलं.

विसावी गेली इंग्लंडला, मँचेस्टरजवळ. किंमत ६५ पौंड. पोचल्यावर सहा दिवसांनी त्या बाईंनी तक्रार टाकली, 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही'. सोबत फोटो. निळ्या काठाजवळ रुपयाएवढा लालसर तपकिरी डाग. लिहिलंय की हा रक्ताचा डाग वाटतो, किळस आली, निम्मे पैसे परत द्या नाहीतर पूर्ण द्या.

मी पॅक करायच्या दिवशी काढलेले अकरा फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. त्या जागी लाल काहीही नाही. म्हणजे डाग तिथे गेल्यावर पडला. आणि वर्णनात मी 'स्वच्छ, डाग नाही' असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

मिस्टर म्हणतात देऊन टाक आणि मोकळी हो. पण निम्मे पैसे दिले तर शिलाईसुद्धा निघत नाही, आणि चोर ठरल्यासारखं वाटतं ते वेगळंच. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. अनुभवी लोकांनी सांगा, काय करू?

---

वाशीकर_७९ | मंगळवार, रात्री ११:०५

ताई, आधी एक काम करा. शुक्रवार म्हणजे कुठला शुक्रवार? तुमचा, इंग्लंडचा की अमेरिकेतल्या कंपनीच्या घड्याळाचा? मी पहिल्या वर्षी एक केस नुसती यामुळे घालवली. मला वाटलं रात्री बारापर्यंत वेळ आहे, मी साडेदहाला उत्तर लिहायला बसलो तर बटणच गायब. उत्तर नाही म्हणजे विक्रेता हरला, बाजू कोणी वाचतही नाही.

म्हणून उद्या सकाळीच दोन ओळी टाका. तुमचा निरोप मिळाला, फोटो पाहिला, मी माझे फोटो तपासतेय, उद्यापर्यंत सविस्तर लिहिते. पैशांबद्दल आत्ता अवाक्षर नको. आणि जे काही बोलाल ते त्या साइटच्या मेसेजमध्येच. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर झालेलं बोलणं निकाल देणाऱ्या साइटच्या माणसाला दिसतच नाही.

(मी जुन्या रेडिओचे सुटे भाग विकतो. व्हॉल्व्ह, नॉब, डायल. जर्मनी आणि जपानमधले म्हातारे शौकीन हेच माझे ग्राहक.)

---

घोडबंदर_मेल | मंगळवार, रात्री ११:३२

अजिबात देऊ नका! माझा चांदीच्या दागिन्यांचा व्यवसाय आहे, चार वर्षं झाली. 'निम्मे द्या, वस्तू मी ठेवते' असं पहिल्याच मेसेजमध्ये म्हणणारा माणूस मला तरी कधी प्रामाणिक भेटला नाही. ज्याला खरंच किळस येते तो वस्तू परत पाठवतो, ठेवून घेत नाही. वाईट शेरा लिहीन अशी धमकी कुठे आहे का बघा. बहुतेक साइट्स तो नियमभंग धरतात, लगेच रिपोर्ट करता येतो.

तुमचे अकरा फोटो चढवा, 'वस्तू परत पाठवा, मिळाली की पूर्ण पैसे देते' एवढंच लिहा. नव्वद टक्के लोक तिथेच गप्प बसतात. इंग्लंडहून भारतात सव्वा-दीड किलोचं पार्सल पाठवायचा खर्च कोण करतो?

---

पितळी_समई (नेरुळ) | बुधवार, सकाळी ७:१५

घोडबंदर दादा, तुमचा मुद्दा पटतो पण सल्ला अर्धवट आहे. 'वर्णनाप्रमाणे नाही' हे कारण असेल तर परतीचा खर्च बहुतेक ठिकाणी विक्रेत्याच्या गळ्यात पडतो. ताईंनी 'परत पाठवा' म्हटलं आणि त्या बाईने 'टपालखर्च भरलेलं लेबल द्या' म्हटलं, तर तिकडचं टपाल गोधडीच्या किमतीच्या आसपास जाईल. मग पैसेही गेले आणि भाडंही गेलं.

माझ्यावर ही वेळ आलीय. समईची वात ठेवायची पाकळी वाकली म्हणून एक समई कॅनडाहून परत मागवली. ती इथे आली तर कस्टमने आयात समजून ड्युटी लावली. माझीच वस्तू! निर्यातीचा कागद दाखवल्यावर सुटली, पण त्यात महिना गेला.

मी आता प्रत्येक तक्रारीला आधी कागदावर तीन आकडे मांडते. पूर्ण परतावा दिला तर किती जातात, अर्धा दिला तर किती, परत मागवली तर किती. मग मानापमान. चोर ठरल्यासारखं वाटतं हे अगदी खरं आहे गं, मी रडलेय. पण त्या भावनेत लिहिलेलं उत्तर तिसरा माणूस वाचणार असतो, आणि त्याला आपण तापट दिसतो.

---

निवृत्त_टपालवाला | बुधवार, सकाळी ९:४८

पस्तीस वर्षे टपाल खात्यात होतो, शेवटची काही वर्षे परदेशी टपालात. ताईंच्या प्रकरणात वस्तू पोचल्याचा वाद नाही, म्हणून माझा उपयोग थोडा. तरी नव्या मंडळींसाठी लिहितो, कारण निम्म्या तक्रारी 'पोचलीच नाही' याच असतात.

पावतीवरचा नंबर तेरा अक्षरांचा असतो. दोन अक्षरे, नऊ आकडे, शेवटी आयएन. हीच पद्धत जगभर आहे, त्यामुळे वस्तू त्या देशात उतरली की तोच नंबर तिथल्या टपाल खात्याच्या साइटवर टाकून पाहावा. आपल्या साइटवर पुष्कळदा 'भारतातून रवाना' यावरच गाडी थांबलेली दिसते आणि विक्रेता घाबरून पैसे देऊन टाकतो, तर तिकडच्या साइटवर 'वितरित' असे दिसत असते.

दुसरे, साधे बिगरनोंदणी पाकीट परदेशी पाठवू नका. थोडे पैसे वाचतील आणि पुरावा म्हणून हातात काही राहणार नाही.

तिसरे, २०२२ पासून डाक घर निर्यात केंद्रे सुरू झाली आहेत. तिथे निर्यातीचे टपाल बिल ऑनलाइन भरता येते. नेरुळच्या ताईंना कस्टमने विचारलेला कागद तो हाच. तो जपून ठेवला तर परत आलेला माल आपलाच आहे हे सिद्ध करता येते.

---

तलावपाळी | बुधवार, सकाळी १०:०२

काका, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. स्वतंत्र धागा काढाच.

---

मुलुंडचा_शेजारी | बुधवार, सकाळी १०:२०

अवांतर: गोधड्यांचे फोटो कुठे बघायला मिळतील? आईला तिची आजी शिवायची तशी धावदोऱ्याची गोधडी हवीय, कधीची म्हणतेय.

---

चिंधीचं_सोनं | बुधवार, दुपारी १:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. वाशीकर, सकाळी उठून पहिलं तेच केलं. आणि घड्याळ इंग्लंडचंच निघालं, म्हणजे माझ्याकडे शनिवार पहाटेपर्यंत वेळ आहे. दोन ओळी पाठवल्या. तिचं तासाभरात उत्तर आलं, 'थँक यू, वाट बघते'. काल मला ती राक्षसीण वाटत होती, आज जरा माणूस वाटली.

समईताई, तीन आकडे मांडले. परत मागवणं सगळ्यात महाग.

पण घोडबंदर दादा म्हणतात तेच मनात येतंय. डाग तिथेच पडला असेल तर मी का भरू? गोधडी माझीच आहे याची खात्री केली. तिच्या फोटोत जांभळ्या ठिगळावर एक टाका तिरका गेलाय, तसाच माझ्या फोटोतही आहे. म्हणजे तिने दुसऱ्याच गोधडीचा फोटो लावला असंही नाही.

मुलुंडचे शेजारी, व्यनि (खासगी निरोप) केलाय.

---

लीड्सची_वैनी | बुधवार, दुपारी ३:३०

इथे इंग्लंडमध्ये चौदा वर्षं राहतेय, मूळची ठाण्यातल्या चरईची. ग्राहकाच्या बाजूने दोन शब्द लिहिते, राग मानू नका.

इकडच्या माणसाला ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत, काहीही कारण न देता परत करायची सवय आहे. तो इथला कायदाच आहे, युरोपातही तसाच. तो पाठवणारा मुंबईत बसलाय का मिलानमध्ये, हा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. त्यामुळे 'पैसे परत द्या' हे वाक्य इथे शिवी नसते. आपल्याकडे दुकानदाराला असं म्हटलं की भांडण सुरू होतं, इथे तो नुसता व्यवहार असतो. नाव घालून खास बनवून घेतलेल्या वस्तूंना मात्र ही सवलत लागू होत नाही. गोधडीवर बाळाचं नाव टाकून देत असाल तर वर्णनात ते ठळक लिहा.

आणि निम्मे पैसे मागणारे सगळे लबाड नसतात. खूप जणांना परत पाठवायचा त्रास नको असतो, वस्तू आवडलेलीही असते. ते तडजोड म्हणून आकडा टाकतात. त्या बाईंनी फोटोबरोबर नेमकं काय लिहिलंय ते शब्दशः टाकाल का? 'किळस' हा शब्द तिचा आहे की तुमच्या भाषांतराचा?

---

घोडबंदर_मेल | बुधवार, दुपारी ४:०५

वैनी, तुमचा अनुभव चांगल्या शेजाऱ्यांचा आहे. मी त्याच देशातून अंगठीच्या रिकाम्या डबीचे फोटो आलेले पाहिलेत. पार्सलचं वजन पावतीवर ४२ ग्रॅम आणि ग्राहक म्हणतो डबी रिकामी होती. वजनाची ती पावती लावल्यावर मी केस जिंकलो. म्हणून सांगतो, नव्याने सुरू करणाऱ्यांनी पार्सल बंद करतानाचा एक सलग व्हिडिओ काढाच. वस्तू, खोका, टेप, वजनकाटा, पत्त्याचं लेबल, सगळं एकाच व्हिडिओत, मध्ये न तोडता.

---

हिशेबनीस_कोपरखैरणे | बुधवार, रात्री ८:५०

सीए आहे, निर्यात करणारे छोटे विक्रेते बरेच हाताळतो. कायद्याचं आणि पैशांचं थोडं.

साइटवर केस जिंकलात म्हणून विषय संपला असं समजू नका. ग्राहक त्यानंतर त्याच्या बँकेकडे जाऊन कार्डाचा व्यवहार उलटवू शकतो. त्याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा कार्डाच्या नियमात अशा बऱ्याच तक्रारींना १२० दिवस मिळतात. पेपलवर (ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची सेवा) पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार उघडता येते. आणि एक गोष्ट नव्या लोकांना माहीत नसते. पेपलचं विक्रेता संरक्षण 'पोचली नाही' आणि 'मी हे पैसे दिलेच नाहीत' या दोन प्रकारांना आहे. 'वर्णनाप्रमाणे नाही' याला नाही. ७५० डॉलर आणि त्यावरच्या मालाला सहीची पोच लागते. त्यामुळे फोटो, मेसेज, पावत्या किमान सहा महिने तरी फेकू नका, फोनमधून उडवू नका.

परतावा द्यायचा तर मूळ व्यवहारावरच द्या. 'कार्ड बंद झालंय, दुसऱ्या खात्यात टाका' म्हणाला की हात आखडा. एका क्लायंटने तसे पाठवले, मग त्या माणसाने चार्जबॅकही केला. पैसे दोनदा गेले.

आयात-निर्यात कोड काढला नसेल तर काढून घ्या. डीजीएफटीच्या (केंद्राचं परदेशी व्यापार खातं) साइटवर ५०० रुपयांत मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करावा लागतो. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचं. परतावा दिला की त्याची क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद) करा, नाहीतर वर्षाअखेरीस बँकेत आलेले पैसे आणि बिलं जुळत नाहीत आणि मग माझ्यासारख्याला रात्र जागावी लागते.

---

नवा_गडी_खारघर | बुधवार, रात्री ९:३०

मी आत्ताच सुरुवात केलीय, कोल्हापुरी चपला. दोन प्रश्न. एक ग्राहक म्हणतोय कस्टमच्या फॉर्मवर 'भेटवस्तू' लिहा आणि किंमत दहा डॉलर टाका. दुसरा म्हणतोय पैसे भरलेत पण पत्ता बदललाय, या नव्या पत्त्यावर पाठवा. दोन्ही करू का? नाही म्हटलं तर ऑर्डर जाईल.

---

वाशीकर_७९ | बुधवार, रात्री ९:४१

दोन्हीला नाही. ऑर्डर गेली तर जाऊ दे.

'भेट' लिहिणं म्हणजे खोटी घोषणा, सही तुझी असते. आणि पार्सल हरवलं तर भरपाई फॉर्मवरच्या दहा डॉलरच्या हिशेबाने मागावी लागेल. पत्त्याचं तर आणखी कडक. व्यवहारात जो पत्ता आहे त्याच्यावर पाठवलं नाहीस तर संरक्षण संपलं. खरा ग्राहक असेल तर त्याला सांग की ऑर्डर रद्द करतो, नव्या पत्त्याने पुन्हा घाल. खरा माणूस दोन मिनिटांत करतो.

---

पितळी_समई | बुधवार, रात्री १०:१५

नव्या गड्या, अमेरिकेला पाठवणार असशील तर अजून एक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ८०० डॉलरपर्यंतच्या आयात मालाची करमाफी बंद केली. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडचं जवळजवळ सगळं पार्सल थांबवलं ते थेट १५ ऑक्टोबरला सुरू झालं. नेमके नवरात्र-दिवाळीच्या ऑर्डरचे दिवस. माझ्या सात समया घरात बांधून पडल्या होत्या.

मी त्या सातही जणींना त्याच संध्याकाळी लिहिलं. टपाल बंद झालंय, बातमी ही, तुम्हाला थांबायचंय की पैसे हवेत? पाच थांबल्या, दोघींना त्याच दिवशी पैसे परत केले. तक्रार एकही आली नाही. माझ्याच ओळखीतल्या एकीने 'बघू, सुरू होईल' म्हणत कळवलंच नाही, तिच्यावर चार केस एकदम पडल्या आणि दुकान महिनाभर बंद.

---

आजीची_पेटी (डोंबिवली) | बुधवार, रात्री ११:२०

मी धागा आत्ता वाचला. माझा व्यापाराशी काही संबंध नाही, वय एकाहत्तर. पण बाळ, मला एक सांग. तिने ती गोधडी धुतली का?

जुन्या साडीवर हळदीचा डाग असेल तर तो धुऊन धुऊन इतका फिका होतो की दिव्याच्या उजेडात दिसतही नाही. पिवळसर साडीवर तर मुळीच नाही. पण त्याला सोडा किंवा साबण लागला की लाल होतो. रक्तासारखाच. लग्नाच्या हळदीनंतर आमच्या घरी दरवेळी नव्या सुनेला हे पाहून धडकी भरायची. साबण पुरता निघाला नाही तर तो लालच राहतो.

---

लीड्सची_वैनी | बुधवार, रात्री ११:३८

आजी!!! इथली कपडे धुवायची पावडर चांगली तेज असते. आणि इथे जुनी म्हणून घेतलेली कापडी वस्तू आल्या आल्या मशीनमध्ये टाकतातच. चिंधीताई, मूळ मेसेज टाका लवकर.

---

चिंधीचं_सोनं | गुरुवार, सकाळी ६:०५

अंगावर काटा आला. रात्री साडेबाराला वाचलं आणि उठून तिचा पहिला मेसेज पुन्हा उघडला. मी इथे लिहिताना अर्धं वाक्य गाळलं होतं, मुद्दाम नाही, महत्त्वाचंच वाटलं नाही. ती म्हणते, 'पहिल्या धुण्यानंतर हा डाग वर आला.' वर आला! आणि 'किळस' शब्द तिचा नाहीच. तिने 'अस्वस्थ वाटलं' असं काहीसं लिहिलंय. वैनी, तुम्ही बरोबर पकडलंत. रागात मीच तो शब्द तिच्या तोंडी घातला.

मग अकरा फोटो परत काढले. या वेळी लाल शोधत नव्हते. निळ्या काठाला लागून फिक्या लिंबू रंगाचा पट्टा आहे. फोन पूर्ण उजेडावर ठेवून पाहिलं तर त्याच जागी तो पट्टा कणभर गडद आहे, कडा गोल. आहे तिथे. माझ्याच फोटोत, पहिल्या दिवसापासून.

ती साडी मला नौपाड्यातल्याच एका घरातून मिळाली होती. देताना त्या काकू म्हणाल्या होत्या, 'लेकीच्या हळदीत नेसले होते.'

---

वाशीकर_७९ | गुरुवार, सकाळी ७:३०

आजी, दंडवत. एवढ्या वर्षांच्या विक्रीत मी फोटो, व्हिडिओ, वजन, वेळ सगळं शिकलो, पण ग्राहकाला 'तुम्ही काय केलंत?' असं साध्या सुरात विचारायचं सुचलं नाही.

---

घोडबंदर_मेल | गुरुवार, सकाळी ९:००

माझा अंदाज चुकला, कबूल. पण एक प्रश्न राहतोच. साबणात तिने घातली. मग चूक तिची नाही का?

---

पितळी_समई | गुरुवार, सकाळी ९:२५

धुवायची सूचना दिली होती का, यावर आहे ते. ताई?

---

चिंधीचं_सोनं | गुरुवार, सकाळी ९:४०

नव्हती दिली. आणि वर मी 'डाग नाही' लिहिलं. घोडबंदर दादा, चूक माझी आहे. जाणूनबुजून नाही, पण माझीच.

आता हे तिला इंग्रजीत कसं सांगू? 'आमच्याकडे लग्नात हळद लावतात' इथून सुरुवात करू की माफीने?

---

लीड्सची_वैनी | गुरुवार, सकाळी ११:१५

आधी डागाचं सांगा. तिच्या डोक्यात रक्त बसलंय, ते पहिल्या ओळीत निघालं पाहिजे. हा हळदीचा जुना डाग आहे, साबणाने लाल होतो. मग तुमची बाजू: मी 'डाग नाही' लिहिलं ते चुकलं, माझ्या फोटोतही तो नीट पाहिला तर दिसतो. मग उपाय: पांढरं व्हिनेगर थोडं पाण्यात घालून त्या जागेवर लावा, लाल जाऊन पिवळं होईल, मग खळखळून धुऊन उन्हात वाळवा, दोन-चार उन्हांत आणखी फिकं होईल. शेवटी पैशांचे दोन पर्याय द्या आणि निवड तिच्यावर सोडा. एक, गोधडी ठेवा आणि अमुक परत घ्या. दोन, परत पाठवा, टपाल माझं, पूर्ण पैसे.

लहान लहान वाक्यं लिहा. लग्नाची गोष्ट शेवटी, एकाच वाक्यात. ती सबब वाटायला नको.

---

आजीची_पेटी | गुरुवार, दुपारी १२:००

व्हिनेगर नसेल तर लिंबू चालेल. घासू नको म्हणावं, टाके उसवतील.

---

हिशेबनीस_कोपरखैरणे | गुरुवार, दुपारी १२:४०

आकडा तुम्ही ठरवा, पण तो स्पष्ट लिहा, पौंडात. 'काहीतरी देईन' असं लिहिलं की पुढे चार मेसेज घासाघीस होते. आणि चूक मान्य करायला घाबरू नका. निकाल देणारा तिसरा माणूस आला तर त्याला विक्रेत्याने ठोस तोडगा दिला होता हे दिसेल.

---

चिंधीचं_सोनं | गुरुवार, दुपारी ४:५५

पाठवलं. वैनींच्या क्रमाने. २० पौंड लिहिले. माझ्या फोटोवर त्या जागेला गोल करून तोही लावला. हात थरथरत होता, आपल्याच विरुद्ध पुरावा देतोय असं वाटलं.

---

नवा_गडी_खारघर | शुक्रवार, रात्री ९:००

काय झालं ताई? सकाळपासून तीनदा धागा उघडला. (माझा पत्ता बदलणारा ग्राहक 'ऑर्डर रद्द करतो, पुन्हा घाला' म्हटल्यावर गायब झाला.)

---

चिंधीचं_सोनं | रविवार, सकाळी १०:३०

उशीर झाला, काल मुरबाडला गेले होते.

तिचं उत्तर शुक्रवारी मध्यरात्री आलं. व्हिनेगर लावल्यावर तिच्या डोळ्यांसमोर लाल उतरलं. त्याचाच तिने फोटो पाठवलाय, खिडकीत टांगलेली गोधडी आणि त्या जागी फिका पिवळा गोल. म्हणते ऊन फार नाही पण आहे तेवढं देते. गोधडी ठेवणार आहे. २० नको, १० पुरेत म्हणाली. मी २० च दिले, मूळ व्यवहारावरून. तक्रार तिने स्वतः बंद केली. शेवटी विचारलंय, ज्या मुलीच्या हळदीची साडी होती ती आता कुठे असते? काकूंना विचारून कळवते म्हटलं.

हिशेबनीस, क्रेडिट नोट केली.

काल तिघींना सगळं सांगितलं. त्यातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, 'आम्हाला विचारायचं ना, आम्ही साडी हातात घेतली की कळतं.' आठ महिन्यांत मी त्यांना रंग विचारले, माप विचारलं, हे कधी विचारलंच नव्हतं.

वर्णनातून 'डाग नाही' काढून टाकलं. आता 'वापरलेल्या साड्या, जुन्या खुणा असू शकतात' असं लिहिलंय आणि प्रत्येक खुणेचा फोटो, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. धुवायची चिठ्ठी गोधडीच्या कोपऱ्याला टाचणार आहे, तिचा मजकूर वैनी तपासून देणार आहेत.

---

मुलुंडचा_शेजारी | रविवार, सकाळी ११:१०

ताई, आईची गोधडी ठरली. ती म्हणतेय हळदीचा डाग असलेली असेल तर तीच द्या.

---

आजीची_पेटी | रविवार, दुपारी २:२०

बाळ, शिवायच्या आधीच साडी साबणाच्या पाण्यात बुडवून बघत जा. असेल ते तिथेच दिसेल.

---

चिंधीचं_सोनं | रविवार, संध्याकाळी ७:४५

आजी, दुपारीच बुडवल्या. घरात होत्या त्या सहाही. दोन बादल्या, अर्धा तास. पाच तशाच निघाल्या. सहावीच्या पदरावर चार बोटं उमटली लाल, कोणीतरी हळदीचा हात पुसलेली. गॅलरीत पाऊस येतोय म्हणून आत पंख्याखाली वाळत घातलीय.